बार्शी लाईट रेल्वे: एवढी लांब लाईन अडीच फुटी रुळांवर का टाकली असेल?

भीमाकाठ

नमस्कार मंडळी. आमचं गाव सांगोला तालुक्यात, घरातली म्हातारी माणसं अजूनही मिरज-पंढरपूर-कुर्डुवाडी-लातूर लाईनला "बार्शी लाईट"च म्हणतात. मी लहानपणी त्या नॅरोगेज गाडीत बसलोय पण तेव्हा हे सगळं कुठून आलं, कोणी केलं असं काही विचारायचं सुचलं नाही, आता विचारावं तर सांगणारी माणसं उरली नाहीत. गुगलवर इंग्रजीत तुकड्या तुकड्यात सापडतं, मराठीत तर जवळपास काहीच नाही.

माझे प्रश्न असे की कुर्डुवाडीवरून मुंबई-सोलापूरची मोठी लाईन आधीपासून होतीच, मग तिला जोडूनच मोठे रूळ पुढे का नाही नेले? डोंगर म्हणावा तर माथेरानसारखा डोंगर इथं नाही, बहुतेक सगळं माळरानच. कुर्डुवाडीला जुन्या कागदांत "बार्शी रोड" का लिहिलेलं असतं, बार्शी तर तिथून लांब आहे. आणि तिसरं म्हणजे एकजण परवा म्हणाला की ही पण विदर्भातल्या शकुंतला रेल्वेसारखी ब्रिटिश कंपनीच्या मालकीची होती आणि सरकार त्यांना भाडं देत होतं, हे खरं का? कुणाला नीट माहिती असेल तर सविस्तर लिहा, वाचायला वेळ आहे.

---

रूळवेडा

वा, या विषयावर कुणीतरी धागा काढला याचा फार आनंद झाला. सविस्तर लिहितो.

आधी बार्शी रोडचं. जीआयपी म्हणजे ग्रेट इंडियन पेनिन्सुला रेल्वेची लाईन १८६० साली सोलापूरला पोचली पण ती बार्शीला बगल देऊन गेली. बार्शी तेव्हा मोठी बाजारपेठ, शेजारी लागूनच निजामाचा मुलूख, तिथला कापूस, गळिताचं धान्य सगळं बैलगाड्यांनी बार्शीत यायचं आणि तिथून परत बैलगाडीनेच ३४ किलोमीटर लांबच्या स्टेशनवर. त्या स्टेशनाचं नावच बार्शी रोड ठेवलं, म्हणजे बार्शीला जायचं असेल तर इथं उतरा आणि पुढचं तुमचं तुम्ही बघा. जीआयपीने अशी बरीच "रोड" स्टेशनं केली, गाव एकीकडे आणि स्टेशन भलतीकडेच. कुर्डुवाडी हे नाव नंतर पक्कं झालं.

आता माणूस. एव्हरार्ड कॅलथ्रॉप नावाचा इंग्रज इंजिनियर, १८८२ ला जीआयपीत नोकरीला लागला. इथं फिरताना त्याच्या डोक्यात बसलं की मेन लाईनला जोडणाऱ्या छोट्या फाट्याच्या लाईनी टाकल्या तर आतल्या बाजारपेठा जोडल्या जातील, पण त्या मोठ्या गेजवर केल्या तर खर्च कधीच निघणार नाही. जीआयपीला त्याचं पटलं नाही. त्याने १८८९ ला नोकरी सोडली, आणि पुढे १८९५ ला लंडनमध्ये बार्शी लाईट रेल्वे कंपनी स्थापन झाली, हा स्वतः तिचा सल्लागार इंजिनियर. १८९७ ला बार्शी रोड ते बार्शी गाडी सुरू झाली. कल्पना डोक्यात आल्यापासून गाडी रुळावर येईपर्यंत दहाएक वर्षं गेली, एवढी चिकाटी.

आणि हे नीट लक्षात घ्या की नॅरोगेज म्हणजे स्वस्तातलं, खेळण्यातलं काहीतरी असं जे आपण धरून चालतो ते बार्शीच्या बाबतीत अजिबात खरं नाही. कॅलथ्रॉपचं म्हणणं असं की रुळांमधलं अंतर किती यापेक्षा एका आसावर किती वजन पडतं हा खरा हिशेब. त्याने ठरवून टाकलं की एका आसावर ५ टनाच्या वर वजन नको, मग ते इंजिन असो नाहीतर भरलेला डबा. त्यामुळे दर यार्ड लांबीला ३० पौंडाचा हलका रूळ चालला, म्हणजे मीटरला साधारण १५ किलो, आज आपल्या मेन लाईनवर ६० किलोचा रूळ असतो त्यावरून अंदाज घ्या. रूळ हलका म्हणून पूल हलके, भराव कमी, एकूण खर्चच कमी.

यात खरी हुशारी कुठंय तर इंजिन जड आणि डबे हलके असं केलं तर रूळ इंजिनाच्या वजनाचा टाकावा लागतो आणि डब्यांच्या वेळेला तो नुसता वाया जातो. याने सगळ्यांचं वजन सारखं वाटून टाकलं. इंजिनं लीड्सच्या किटसन कंपनीची, जोडलेली आठ चाकं आणि मागे आणखी चार. मालडबे बोगीवाले, चार आसांचे, म्हणजे भरलेला डबा २० टनाचा. प्रवासी डबा असो की मालडबा, सांगाडा एकच, २५ फूट लांब आणि ७ फूट रुंद, दाबून घडवलेल्या पोलादाचा. रूळ अडीच फुटांचे आणि डबा सात फूट रुंद! हे सगळं इकडं पाठवायच्या आधी लीड्सजवळ न्यूलेला चाचणीचा रूळ टाकून लोकांना दाखवलं होतं. जगभरच्या नॅरोगेजवाल्यांनी पुढं बार्शीकडं बघून लाईनी आखल्या. खुद्द इंग्लंडात स्टॅफर्डशायरमध्ये १९०४ ला लीक अँड मॅनिफोल्ड नावाची लाईन झाली ती याच माणसाची, तिची इंजिनं बार्शीच्या इंजिनांवरून बेतलेली. आपल्याकडं सहसा उलटं ऐकायला मिळतं ना, तिकडचं बघून इकडं केलं. इथं बार्शीचं बघून तिकडं झालंय.

मालकीचं: शकुंतला वेगळी, बार्शी वेगळी. बार्शी लाईट १ जानेवारी १९५४ ला सरकारने विकत घेतली आणि ती मध्य रेल्वेत गेली. त्यानंतर भाडं वगैरे काही नाही.

टप्पे थोडक्यात: १८९७ बार्शी, १९०६ पंढरपूर, दुसऱ्या अंगाला तडवळ्यापर्यंत आणि तिथून पुढं १९११ ला लातूर, शेवटी १९२७ ला मिरज. एकूण ३२५ किलोमीटरच्या आसपास. कॅलथ्रॉप त्याच १९२७ साली मार्चमध्ये वारला.

---

गंजगोलाई

रूळवेडा, जबरदस्त प्रतिसाद. मी लातूरचा, आमच्या बाजूचं थोडं लिहितो कारण ही लाईन म्हटलं की सगळे बार्शी-पंढरपूरच बोलतात आणि लातूर राहून जातं.

लातूर तेव्हा निजाम संस्थानात, उस्मानाबाद जिल्ह्यात. म्हणजे ही लाईन बार्शीला इंग्रजी हद्दीत सुरू व्हायची आणि थोडं पुढं गेलं की दुसरं राज्य. हैदराबादची स्वतःची जकात होती, करोडगिरी म्हणायचे तिला, सीमेवर नाके होते, त्यामुळे तिकडून इकडं माल न्यायचा तर ती भरूनच. तरीसुद्धा व्यापार वाढला, कारण बैलगाडीला पावसाळ्यात काळ्या रानातून जायला रस्ताच नसायचा. आमच्याकडची काळी माती भिजली की चाक आसापर्यंत रुतून बसतं, ज्याने बघितलंय त्यालाच कळेल, चिखल चाकाला असा लपेटतो की दर शंभर पावलांवर खाली उतरून काठीने खरडून काढावा लागतो. रेल्वेचं महत्त्व तिथं आहे. उन्हाळ्यात बैलगाडी पण चालतेच की.

आणि बघा, १९११ ला रेल्वे आली आणि १९१७ ला गंजगोलाई उभी राहिली. मधे गोल इमारत आणि चारी बाजूंनी १६ रस्ते येऊन मिळतात, पूर्ण आखून केलेली बाजारपेठ. रेल्वे नसती तर निजाम सरकारने त्या काळात लातुरात एवढी मोठी पेठ आखली असती असं मला तरी वाटत नाही. पुढं डाळ मिल, तेल मिल, आडत बाजार हे सगळं त्यातूनच वाढलं. आज तूर आणि सोयाबीनचा भाव लातूरचा काय निघाला ते सगळा महाराष्ट्र बघतो, त्याची पायाभरणी या अडीच फुटी रुळांनी केलीय.

---

कोरडवाहू

दोघांचं वाचलं, माहिती छान आहे पण मला एक बाजू इथं मांडावीशी वाटते. कॅलथ्रॉप हुशार असेल, मान्य, पण कंपनी लंडनची, भागधारक तिकडचे, लाईन टाकली ती कापूस बंदरापर्यंत न्यायला. लोकांच्या सोयीसाठी नव्हे. आणि स्वस्तात केलेल्या त्या गेजची किंमत आपण पुढं शंभर वर्षं मोजली. मराठवाडा रेल्वेत मागं राहिला त्याचं एक कारण हेच की जे होतं ते नॅरोगेज नाहीतर मीटरगेज. लातूरचा माल पुण्या-मुंबईला पाठवायचा तर कुर्डुवाडीला सगळा उतरवून परत मोठ्या गाडीत चढवायचा, त्यात दिवस जायचे, पोती फुटायची, चोऱ्या व्हायच्या. शेवटी व्यापाऱ्यांनी ट्रक धरले. त्यामुळे नॅरोगेजचं फार कौतुक मला पचत नाही, क्षमस्व.

---

रूळवेडा

@कोरडवाहू, क्षमस्व कशाला, मुद्दा रास्त आहे. नफ्यासाठीच काढलेली कंपनी होती, त्यात वाद नाही. माझं म्हणणं इतकंच की त्या वेळी मोठी लाईन की लहान लाईन असा पर्याय समोर नव्हताच, पर्याय होता लहान लाईन की काहीच नाही. जीआयपीने बार्शीला ३७ वर्षं काही केलं नव्हतं, १८६० ते १८९७ मोजून बघा.

माल उतरवण्या-चढवण्याचं मात्र अगदी बरोबर बोललात, हाच सगळ्या नॅरोगेज लाईनींचा रोग. कॅलथ्रॉपला तो माहीत नव्हता असंही नाही. इंग्लंडातल्या त्या लीक लाईनवर त्याने लहान रुळांवर चालणाऱ्या अशा खास गाड्या केल्या की ज्यांच्यावर मोठ्या गेजचा अख्खा मालडबाच चढवून न्यायचा, म्हणजे माल उतरवायलाच नको. आपल्याकडं साडेपाच फुटी गेज, डबा आणखी अवजड, आणि आसाला ५ टनाची मर्यादा, त्यात ते बसणारं नव्हतं. मग राहिले हमाल.

खरी चूक माझ्या मते १९५४ नंतरची. सरकारच्या ताब्यात आल्यावर लगेच नाही तरी पुढच्या वीस वर्षांत गेज बदलायला हवं होतं. ते व्हायला नवं शतक उजाडलं. त्यासाठी लंडनच्या कंपनीला दोष देता येणार नाही.

---

मिरजेची_सतार

मिरजेचं कुणी बोललंच नाही म्हणून लिहिते. आमच्या जंक्शनवर एके काळी तिन्ही गेज होते, १९२७ पासून मीटरगेज आणि नॅरोगेज शेजारी शेजारी, आणि १९७१ ला पुण्याकडून ब्रॉडगेज आलं तेव्हा तिन्ही. माझे आजोबा गूड्सला कारकून होते, ते सांगायचे की एका फलाटाला या बाजूला लहान डबा आणि त्या बाजूला मोठा डबा लावायचे, मधे फळ्या टाकायच्या आणि हमालांची रांग लागायची, पाठीवर पोतं, हातात आकडा. शेंगेची पोती हलकी म्हणून सगळे तिकडं धावायचे आणि साखरेला कुणी हात लावायला तयार नसायचं. तोलणारा वेगळा, पावती फाडणारा वेगळा, आणि तोलात दोन्हीकडच्या काट्यांत फरक आला की भांडणं, ती मिटवायला आजोबांना उन्हात जाऊन उभं राहावं लागायचं. या कामावर कित्येक घरं चालली हे पण खरं आहे. गेज एक झाल्यावर ते काम संपलं आणि त्या हमालांचं पुढं काय झालं याची नोंद कुठंच नाही, याचं मला फार वाईट वाटतं. कुणी त्यांच्या पोरा-नातवंडांशी बोलून लिहून ठेवायला हवं, अजून दहा वर्षांनी तेही जमणार नाही.

कोरडवाहूदादांचा मुद्दा बरोबर आहे पण त्याच लाईनने आरग, बेडग, सलगरे, कवठेमहांकाळ, ढालगाव, जत रोड या सगळ्या दुष्काळी पट्ट्यातल्या बाया-बापड्यांना मिरजेच्या दवाखान्यांपर्यंत आणलं. मिरज दवाखान्यांचं गाव म्हणून नावारूपाला आलं त्यात या गाडीचा वाटा आहे. लोक बाजल्यावर पेशंट घेऊन स्टेशनवर यायचे.

---

नामा_म्हणे

पंढरपूरकर इथं हजर. १९०६ च्या आधी रेल्वेने येणारा वारकरी बार्शी रोडला उतरायचा आणि तिथून पन्नासेक किलोमीटर बैलगाडीने नाहीतर पायी. गाडी आली आणि कोकणातला, खानदेशातला, वऱ्हाडातला माणूस ज्याला पायी वारी शक्य नाही तोसुद्धा एकादशीला चंद्रभागेत अंघोळ करून दोन दिवसात परत जायला लागला. आषाढी-कार्तिकीला जादा गाड्या सोडायचे तरी टपावर माणसं बसलेली असायची. आत जागा नाही म्हणून टपावर, आणि वर बसून अभंग चाललेत. गाडी मोडनिंबला थांबली की खालचे वरच्यांना पाण्याचे तांबे द्यायचे, ते मी स्वतः बघितलंय.

आम्हाला मोठ्या गाडीचा फायदा पहिला मिळाला, कुर्डुवाडी-पंढरपूरचं गेज बदलण्याचं काम आधी झालं, वारीमुळेच असणार. मिरजेकडचा भाग सगळ्यात शेवटी.

---

भीमाकाठ

काय सुंदर माहिती दिलीत सगळ्यांनी, अपेक्षेपेक्षा कितीतरी जास्त मिळालं. आजच सगळं उतरवून घेतो.

अजून एक विचारतो. २०१६ ला लातूरला पाण्याची रेल्वे गेली ती याच मार्गाने ना? आणि गेज बदलताना लाईन तीच ठेवली की वळवली? बार्शी ते येडशीच्या मधे घाटात जुन्या लाईनचा माग अजून दिसतो असं एका मित्राने सांगितलं.

---

गंजगोलाई

हो, याच मार्गाने. एप्रिल २०१६, ११ तारखेला मिरजेहून निघाली आणि १२ ला पहाटे लातुरात. पहिल्या खेपेला १० वाघिणी, प्रत्येकीत ५० हजार लिटरच्या आसपास, म्हणजे ५ लाख लिटर. त्या वाघिणी कोट्याच्या वर्कशॉपमधे वाफेने धुवून आणल्या होत्या. नंतर ५० वाघिणींची गाडी झाली, एका खेपेला २५ लाख लिटर. मिरजेत कृष्णेचं पाणी भरायचे, इथं स्टेशनजवळ मोठ्या विहिरीत सोडायचे आणि तिथून शुद्धीकरणाला. आमच्याकडं तेव्हा नळाला महिना महिना पाणी नव्हतं, पाण्याच्या टाक्यांपाशी भांडणं नकोत म्हणून जमावबंदी लावलेली. मिरज-लातूर अंतर साडेतीनशे किलोमीटरच्या आत आहे म्हणून हे जमलं. आता विचार करा, गेज बदललं नसतं तर ५० वाघिणींची गाडी या मार्गाने आलीच नसती. २००८ पर्यंत बार्शीकडून लातूरला मोठे रूळ नव्हते, मिरजेकडचे तर त्यानंतरचे.

@कोरडवाहू, तुमचा मुद्दा इथं शंभर टक्के सिद्ध होतो. आणि माझाही, कारण मार्ग कॅलथ्रॉपच्या काळात आखला गेला नसता तर रूंद करायला खाली काही नसतंच.

---

रूळवेडा

गेज बदलाचं: लातूर-उस्मानाबाद २००७, उस्मानाबाद-कुर्डुवाडी २००८. यात मोठा बदल असा की जुनी लहान लाईन उस्मानाबाद शहराला, म्हणजे आताच्या धाराशिवला, जातच नव्हती, ती येडशीवरून निघून जायची. जिल्ह्याचं ठिकाण आणि रेल्वे नाही! लोकांनी त्यासाठी खूप वर्षं मागणी लावून धरली होती, म्हणून गेज बदलताना लाईन वळवून शहराजवळून नेली. त्यामुळे तुमच्या मित्राने सांगितलं ते खरं, जिथं नवी लाईन वेगळी गेली तिथं जुना भराव, मोऱ्या हे सापडतं. लहान गाडीला तीव्र वळणं चालायची, मोठीला नाही, त्यामुळे बालाघाट चढताना जुना माग नागमोडी दिसेल आणि नवा सरळ. पावसाळा संपल्यावर जा, गवत वाळलं की भराव नीट ओळखू येतो, आणि अभयारण्याची हद्द आहे म्हणून आधी वनखात्याला विचारून जा.

आता धाराशिवला सोलापूरहून तुळजापूरमार्गे नवी लाईन जोडायचं काम चालू आहे. ती झाली की तिथलं जंक्शन होईल.

---

कोरडवाहू

@गंजगोलाई, पटलं, दोन्ही मुद्दे.

फक्त एक भर घालतो कारण भीमाकाठ सांगोल्याचे आहेत. २०२० ला किसान रेल सुरू झाल्या, त्यातली शंभरावी गाडी डिसेंबरमधे सांगोल्याहून बंगालात शालिमारला गेली. आपली डाळिंबं एका डब्यात बसून थेट बंगालपर्यंत, मधे कुठं उतरवणं नाही. जे दुखणं मी वर लिहिलं ते असं गेलं, पण सगळं झालं असं नाही. लातूर-मुंबई गाडी २०१७ ला बिदरपर्यंत वाढवली तेव्हा लातुरात केवढं आंदोलन झालं आठवतं ना, कारण लोकांना जागाच मिळेना. मिरज-कुर्डुवाडी मधल्या छोट्या स्टेशनांवर आता गाड्या आहेत पण वेळा अशा की सकाळी तालुक्याला जाऊन संध्याकाळी परत येता येत नाही. लहान गाडी हळू होती पण गावच्या वेळेला होती. पॅसेंजर वाढवा म्हणून आम्ही काहीजण निवेदन तयार करतोय, ढालगाव ते जवळा पट्ट्यातल्या कुणाला सही करायची असेल तर मला व्यक्तिगत निरोप टाका.

---

मिरजेची_सतार

निवेदनाला माझी सही धरा. आणि आरग-बेडगच्या सह्या मी गोळा करते, रविवारी बाजार असतो तेव्हा स्टेशनवरच बसते कागद घेऊन.